उलट्या खोगिराचा घोडा

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलेत तर तुम्हाला एक घोडा दिसेल. त्याच्या पाठीवर स्वार नाही. खोगीर आहे, पण ते उलटे बांधलेले आहे. शेपूट अर्ध्यावर कापलेले आहे. मागे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक गोल तंबू आहे आणि तंबूच्या माथ्यावर भाल्याला बांधलेले एक कापड आहे. माझी कहाणी म्हणजे त्या कापडाची कहाणी.

मी रेकॉर्डचे कव्हर आहे. जाड पुठ्ठ्याचे, चौकोनी, वयाने चाळिशीपलीकडचे. कोपरे मऊ पडले आहेत आणि पाठीवर कुणाच्या तरी चहाच्या पेल्याचे गोल वळ उठला आहे. तुम्ही म्हणाल, कव्हराला कसली आली कहाणी? गाणे तर आतल्या तबकडीत असते. खरे आहे. पण रॉक ऐकणाऱ्या पोरांना विचारून पाहा. तबकडी फिरू लागली की ती कव्हर मांडीवर घेतात आणि त्यावरची रेघन् रेघ पाहतात. हे पाखरू असे का, तो दरवाजा बंद का, यावर तासन् तास भांडतात. आम्ही कव्हरे मुकी असतो, म्हणून आमच्या तोंडी कोणीही काहीही घालतो. माझ्या बाबतीत तेच झाले.

मला कुबानने काढले. तो फ्रुंझे शहरात एका सिनेमागृहाच्या दारावरची मोठी चित्रे रंगवायचा. त्याच्याच खोलीत एसेन राहायचा. दोघे एका गावचे, नारीन नदीच्या वरच्या डोंगरातले. एसेन ‘बुलुत’ नावाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. बुलुत म्हणजे ढग. गडगडाट तर ढगासारखाच होता त्या पोरांचा. त्यांनी एक गाणे ध्वनिमुद्रित केले, एसेनच्या आवाजातले, आणि बाकीची करायच्या आत त्याला सैन्यात बोलावणे आले. तेव्हा अफगाण सीमेपलीकडे युद्ध चालू होते. आठ महिन्यांनी तो जस्ताच्या पेटीत परत आला. पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. तो एकोणीस वर्षांचा होता.

दफनाला कुबान गावी गेला होता. तिथे जे घडले ते त्याने चित्र काढताना इतक्या वेळा स्वतःशी सांगितले, की मला ते पाठ झाले.

त्या डोंगरात माणूस गेला की अंगणात तंबू उभारतात आणि त्यावर कापड लावतात. म्हातारा गेला असेल तर पांढरे. मधल्या वयाचा गेला तर काळे. आणि तरणा गेला तर लाल. दुरून येणाऱ्या घोडेस्वाराला कापड पाहूनच कळते की कोणासाठी रडायचे आहे. मेलेल्याच्या घोड्याचे शेपूट कापतात आणि त्याच्यावर खोगीर उलटे चढवतात. कापड वर्षभर राहते. वर्ष भरले की मोठे जेवण होते, कापड उतरवतात, आणि ते उतरताना बायका शेवटचे रडतात. त्यानंतर घर पुन्हा हसायला मोकळे.

एसेनच्या आईने, बुरुल आपाने, लाल कापड लावले. तिसऱ्या दिवशी गावचा अध्यक्ष आला.

“आपा, ते कापड उतरवा.”

“का रे?”

“लाल आहे. लाल म्हणजे सरकारी झेंडा. सुतकाच्या तंबूवर झेंडा लावतात का कोणी? वरून फोन आलाय.”

“मग वरच्यांनाच विचार, एकोणीस वर्षांच्या पोराला कुठला रंग लावू?”

“मला कशाला अडचणीत टाकता? मी पण याच गावचा आहे.”

“याच गावचा आहेस म्हणून तर विचारते. तुझ्या धाकट्या भावाला कुठला लावला होतास?”

तो वर चढला, कापड सोडले, आणि आपाच्या हातात दिले. “घडी मात्र नीट घातली हो त्यानं,” ती नंतर सांगायची. “तेवढी लाज होती.”

कुबान शहरात परतायला निघाला तेव्हा ती त्याला म्हणाली, “मला दुसरं काही नको होतं रे. वर्षभर ते वर राहायला हवं होतं. वर्षानं रडून उतरवलं असतं. हे तर तिसऱ्या दिवशीच उतरलं, आणि रडायच्या आत.”

“आपा, मी लावतो,” कुबान म्हणाला. “कुणाला काढता येणार नाही अशा जागी लावतो.”

आणि त्याने मला काढले. बुलुतची तबकडी निघणार होती. तीन हजार घरांत तिचे कव्हर जाणार होते. म्हणजे तीन हजार तंबूंवर एसेनचे लाल कापड लागणार होते.

पण त्या काळी कुठलीही तबकडी आणि तिचे कव्हर एका समितीसमोरून जायचे. लांब टेबल, चहा, मधोमध गोल रोट्या, आणि भोवती सात माणसे. अध्यक्ष होत्या लिदिया पाव्लोव्हना. पूर्वी शाळेत गाणे शिकवायच्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचा अर्थ हवा असायचा. कुबानने मला टेबलावर उभे केले आणि माझी झडती सुरू झाली.

“घोड्यावर माणूस का नाही?” बाईंनी विचारले.

“ऐकणारा बसेल ना. त्याच्यासाठी जागा ठेवलीय.”

बाई हसल्या. “बरं. आणि खोगीर उलटं कशाला?”

“पोरांचा वाद्यवृंद आहे. थोडी गंमत.”

“गंमत नाही ही,” एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले. “उलटा बसणारा मागे बघतो. आपल्या तरुणांनी मागे बघायचं?”

“अहो, मागे बघितल्याशिवाय किती पुढे आलो ते कसं कळणार?” दुसरे म्हणाले.

“आणि शेपूट?”

“शेपूट म्हणजे जुनी ओझी. ती कापून टाकली. मला तर पटलं.”

“तुम्हाला कालची जोडेपॉलिशची जाहिरातही पटली होती.”

सगळे हसले. कुबानही हसला. 

“लाल झेंडा मात्र छान,” लिदिया पाव्लोव्हना म्हणाल्या. “थोडा मोठा करता येईल का?”

“येईल,” कुबान म्हणाला.

टेबलाच्या टोकाला ओस्मोन बायके बसले होते; बायके म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने म्हणतात ते, आपल्या दादासारखे. म्हातारे कवी. कुबान सोडला तर त्या खोलीत डोंगरातला माणूस तो एकच. बाईंनी त्यांना विचारले, “तुम्ही बोलला नाहीत. तुम्हाला काय दिसतं?”

म्हाताऱ्याने मला हातात घेतले. त्याची नजर खोगिरावरून शेपटावर गेली, शेपटावरून कापडावर गेली, आणि तिथे थांबली. त्याचा अंगठा माझ्या कापडावर टेकला. त्याने एक शब्द उच्चारला असता, तर कुबानचे काम गेले असते. कदाचित त्याहून जास्त गेले असते.

“घोडा चांगला काढलाय,” तो म्हणाला. “असा घोडा मी लहानपणी पाहिला होता.”

“शर्यतीचा?”

“हं. फार लांब गेला तो.”

सह्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात म्हाताऱ्याने कुबानची बाही धरली. “कुणाचं पोर?”

“बुरुल आपाचा एसेन. एकोणीस.”

“बाई म्हणाली ना, कापड मोठं कर म्हणून? मग मोठंच कर,” म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

मित्रांनो, परीक्षा पास झालो असे आम्हाला वाटले. पण मला छापायची पाळी आली ती ऑक्टोबरच्या शेवटी. नोव्हेंबरात क्रांतीचा सण असायचा. सगळ्या शहरावर लाल फलक लागायचे, भिंतींवर लाल अक्षरे यायची. कुबानलाही त्याच कामाला लावले होते. दहा दिवस तो शिडीवर उभा राहून हातभर उंचीची लाल अक्षरे रंगवत होता. खाली उतरून तो छापखान्यात आला तेव्हा आमचे गठ्ठे बांधून झाले होते.

घोडा होता. खोगीर होते. तंबू होता. कापडाच्या जागी शाईच नव्हती. नुसता कोरा, पांढरा पुठ्ठा.

“लाल संपली,” फोरमन म्हणाला. “शेवटचा डबासुद्धा सणाला नेला. वर्षाचं काम वेळेत संपवायचं होतं, थांबता आलं नाही. पण पांढरं छान दिसतंय की! शांततेचं वगैरे.”

कुबानच्या नखांत तेव्हाही लाल रंग होता.

त्याने गठ्ठ्यातून मला उचलले, आत तबकडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बसने गावी नेले. वर्ष भरायला अजून पाच महिने होते. बुरुल आपाच्या घरी शेजारणी चहाला बसल्या होत्या. एसेनचे गाणे आले, एसेनचे चित्र आले, म्हणून माझ्यावरचा कागद सोडला. एक म्हातारी पुढे वाकली, डोळे बारीक करून तिने मला पाहिले, आणि सहज विचारले, “कुठला म्हातारा गेला ग? पांढरं लावलंय. पिकलं पान असणार.”

शेजारणींनी चहाचे पेले खाली ठेवले. म्हातारीला चूक कळली आणि तिने डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकले.

“आपा,” कुबान म्हणाला, “शाई संपली होती.”

एवढेच बोलला. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढेसे कारण मी पुन्हा कधी ऐकले नाही.

“शाई संपली,” बुरुल आपा म्हणाली, जसे कोणी मीठ संपले म्हणावे. मग ती उठली. “माझ्याकडे आहे.”

ती नमद्याचे गालिचे करायची. चुलीपाशी मंजिष्ठेच्या मुळ्यांचा रंग मडक्यात असायचाच. माझा पुठ्ठा गुळगुळीत, त्यावर रंग धरेना, म्हणून तिने त्यात कणकेची खळ घातली. कोंबडीचे पीस घेतले आणि माझ्या कापडावर फिरवले. रेघेच्या थोडे बाहेर गेले. पण तिने पुसले नाही. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव कव्हरे पांढरी राहिली. एक लाल झाले, ते मी.

तिने मला दारासमोरच्या भिंतीवर टांगले. घरात तबकडी वाजवायचे यंत्र नव्हते. कुबान म्हणाला, “पुढच्या वेळी घेऊन येतो. त्याचा आवाज ऐका.”

“नको,” ती म्हणाली. “आवाज ऐकला तर मी दार उघडायला उठेन.”

वसंतात वर्ष भरले. अध्यक्षाने सांगून पाठवले, गर्दी जमवू नका. जेवण झाले नाही. जेवण नाही तर कापड कसे उतरवणार? ते राहिले. दर गुरुवारी ती माझ्यासमोर बसायची आणि बारीक आवाजात कोशोक म्हणायची, म्हणजे मेलेल्यासाठी बायका म्हणतात ते रडगाणे. मग तो लाल झेंड्याचा देशच मोडला. ना तो अध्यक्ष राहिला, ना ते हुकूम. गावातली माणसे म्हणू लागली, “आपा, आता कुणाची भीती? घालू या जेवण, उतरवू या कापड.” ती म्हणायची, “बघू पुढल्या वर्षी.” असे तीसहून अधिक वेळा म्हणाली. मला वाटते, तिला ते उतरवायचेच नव्हते. लाल कापड वर आहे तोवर पोरगा नुकताच गेलेला असतो. नुकताच गेलेला माणूस फार लांब नसतो.

मग ती गेली. तिच्यासाठी पांढरे लावले.

घरातले सामान दूरच्या नातलगांनी वाटून घेतले. मी कुणाच्याच वाट्याला आले नाही. पोत्यात पडले, शहराच्या जुन्या बाजारात गेले, आणि एका चादरीवर कुलुपे, पदके आणि मोडक्या नळाच्या तोट्यांमध्ये पसरले. तो चहाचा वळ तिथलाच. येणारे जाणारे मला उचलत, आतली तबकडी काढून उजेडात धरत, चरे पाहत आणि परत टाकत. माझ्याकडे कोणी पाहत नसे.

एके दिवशी मेरिम आली. शहरातली शिकलेली मुलगी, केस आखूड कापलेले. जुन्या रॉक वाद्यवृंदांच्या कव्हरांचे प्रदर्शन ती भरवणार होती. मला पाहून ती ओरडलीच, “अगं बाई, बुलुत!” तिच्याकडे माझे एक पांढरे भावंड आधीच होते, पण त्याचा घोडा उन्हाने विटला होता. माझा घोडा आपाच्या अंधाऱ्या घरात राहिल्याने टवटवीत होता.

तिने माझ्यावर एक लेखही लिहिला होता, तो तिने मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला. पांढरे कापड म्हणजे शरणागतीचे निशाण. उलटे खोगीर म्हणजे युद्धाकडे फिरवलेली पाठ. त्या काळात असे चित्र छापणे हे केवढे धाडस! मैत्रीण पलीकडून वाहवा करत होती. मित्रांनो, लेख चांगला होता. तिने माझ्याकडे मनापासून पाहिले होते, एवढे कोणी पाहत नाही. पण ती चित्राला विचारत होती. ज्यांचे चित्र होते त्यांना तिने विचारले नव्हते.

“हे बघ ना, कुणीतरी लाल फासून ठेवलंय,” ती म्हणाली. “पोराटोरांचं काम असणार. निघेल.”

सकाळची वेळ होती. खिडकीतून ऊन येत होते. तिने वाटीत कोमट पाणी घेतले, कापूस भिजवला आणि गाणे गुणगुणत हळूच पुसू लागली. खळ जुनी झाली होती, लगेच सुटली. मला तोंड असते तर मी ओरडले असते. वाटीतले पाणी आधी गुलाबी झाले, मग लाल. तिने ते मोरीत ओतले. जे बुरुल आपाला छत्तीस वर्षे जमले नाही, ते चहा निवायच्या आत झाले.

दुसऱ्या दिवशी ती मला चित्रकाराची सही घ्यायला घेऊन गेली. कुबान आता म्हातारा झाला होता. शहराच्या टोकाला दोन खोल्यांत एकटा राहत होता.

“बायके, इथे कोपऱ्यात सही करा.”

त्याने चष्मा लावला. लेखणी टेकवली आणि थांबला. माझा फाटलेला कोपरा आपाने लोकरीच्या धाग्याने शिवला होता. तो टाका त्याने बोटाने चाचपला.

“हे कुठं मिळालं?”

“बाजारात. फार घाण होतं. मी साफ केलं. कापडावर कुणी लाल लावून ठेवलं होतं.”

“कशानं पुसलंस?”

“ओल्या कापसानं. कणकेसारखं काहीतरी होतं, पटकन निघालं.”

कुबानने लेखणी खाली ठेवली. “रडलीस का?”

“काय?”

“पुसताना रडलीस का, विचारतोय.”

मेरिमला वाटले, म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नाही. ती हसली. मग त्याने तिला सांगितले. आवाज न चढवता, क्रमाने, जसे मी तुम्हाला सांगितले तसे. जस्ताची पेटी, घडी घालून परत दिलेले कापड, संपलेली शाई, कोंबडीचे पीस. ऐकता ऐकता तिचे हात मांडीवर आवळत गेले.

“मी परत लावते,” ती घाईने म्हणाली. “आत्ता लावते. अगदी तोच रंग शोधून आणते.”

“नाही पोरी. वर्ष उलटून उतरलेलं कापड परत चढवत नाहीत. घरात दुसरं मरण बोलावल्यासारखं होतं ते.”

“मग मी काय करू? सांगा ना, मी काय करू?”

“कापड उतरलं की घरातली बाई रडते. त्या घरात आता कोणी नाही. उतरवलंस तू.”

“मला कोशोक येत नाही, बायके. आमच्या घरी कुणी म्हणतच नाही. मला शब्दसुद्धा माहीत नाहीत.”

“पहिल्यांदा कुणालाच माहीत नसतात. नाव घे त्याचं. कुणाचा होता ते सांग. काय राहून गेलं ते सांग. बाकी आपोआप येतं.”

त्याने मला भिंतीला टेकवून उभे केले. मेरिम माझ्यासमोर जमिनीवर बसली.  मग ती चाचरत म्हणाली, “एसेन... बुरुल आपाच्या एसेन... एकोणीस वर्षांच्या...” आणि थांबली. “तुझं कापड मी ओळखलं नाही रे. मला तो डाग वाटला.” तिथे तिचा आवाज फुटला.

कुबान उठून दाराबाहेर गेला. त्या डोंगरात पुरुषांनी बाहेर उभे राहून रडायचे असते. जिन्यावर काठीला टेकून तो मोठ्याने रडू लागला, एवढा मोठ्याने की समोरचे दार उघडले. पिठाच्या हातांची एक बाई बाहेर आली.

“काय झालं बायके? कोण गेलं?”

“आमचा एसेन.”

“अरे देवा! कधी?”

“चाळीस वर्षं झाली.”

त्या बाईने पुढे काही विचारले नाही. तिने हात झटकले, कमरेचे फडके सोडले, आत आली आणि मेरिमच्या शेजारी बसली. तिला सगळे शब्द येत होते. तिने पहिली ओळ उचलली, आणि मेरिम तिच्या मागून, अडखळत, चुकत, म्हणू लागली.

मित्रांनो, मी आता मेरिमच्या प्रदर्शनात आहे. माझ्याखालचा जुना लेख तिने काढून टाकला आहे. तिथे एक नाव, एक गाव आणि एक वय एवढेच लिहिले आहे. माझे कापड आता पांढरेच आहे, नीट पाहिले तर कडेला किंचित गुलाबी. तुमच्या हाती एखादे जुने चित्र आले, तर त्याचा अर्थ जरूर लावा. आम्हाला त्याचा राग नाही. पण त्यावर एखादा डाग दिसला, तर ओला कापूस हाती घेण्याआधी शेजारपाजारच्या कुणा म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. काही डाग कुणीतरी फार जपून लावलेले असतात.